तिसरं पाकीट

अक्का,

काल तुमचं तेरावं झालं. तुमच्या धाकट्या बहिणीने, चंद्राने, मला पंक्तीत पहिल्या पानावर बसवलं आणि स्वतः वाढलं. "तू अक्काला पाठच्या बहिणीसारखी," म्हणाली. मी मान खाली घालून जेवले. घास घशाखाली उतरत नव्हता असं लिहिलं तर ते खोटं होईल. भूक लागली होती, रसमभात पोटभर खाल्ला, पायसम दुसऱ्यांदा मागून घेतलं. मग मैलापूरहून चालत मंदवेलीला घरी आले, कपाट उघडलं, साड्यांच्या चळतीखालचं तुमचं पत्र काढलं आणि ते मांडीवर घेऊन बसून राहिले.

दमले आहे, अक्का. एक कागद लपवून ठेवायला एवढी ताकद लागते हे आधी कुणी सांगितलं असतं, तर कदाचित लपवला नसता.

केतकीच्या कॉलेजसाठी तुम्ही लिहिलेलं शिफारसपत्र अमेरिकेला गेलंच नाही. ते जवळजवळ चार वर्षं माझ्या कपाटात आहे. त्याच्या जागी गेलं ते मी लिहिलेलं, आणि त्याखाली तुमची सहीही मीच केलेली. हे मला तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं. दर शुक्रवारी तुमच्या जिन्याच्या पायऱ्या चढताना ठरवायची, की आज सांगायचं. उतरताना स्वतःला म्हणायची, जाऊ दे, पुढच्या शुक्रवारी. आता तुम्ही ऐकायला नाही तर धीर आला आहे. माझं शौर्य हे असं.

आपली पहिली भेट आठवते का? केतकीच्या अकरावीची पालकसभा होती. ह्यांची बँकेतली बदली होऊन आम्ही मद्रासला येऊन वर्षही झालं नव्हतं. मला एका सरकारी कचेरीत टायपिंगचं काम मिळालेलं, तमिळ मात्र भाजीवाल्यापुरतं. गणिताच्या टेबलामागे तुम्ही कपाळाला आठ्या घालून बसला होता. मी ह्यांना हळूच म्हटलं, "ही बाई पोरीला नापास करणारसं दिसतंय. तोंड बघा." तुम्ही गुणपत्रिकेवरून नजर न उचलता म्हणालात, "नापास करीत नाही हो मी. तोंड जन्मापासून असंच आहे."

मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. हे इतके हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मग कळलं की तुमचे पूर्वज कधीच्या काळी तंजावरला आलेले, घरात अजून मराठी टिकवलेलं. तुमच्या मराठीला तमिळचा हेल होता. 'मजला' म्हणायचात, 'होय की' म्हणायचात, आणि वाक्याच्या शेवटी 'बरं' म्हणावं तसं एखादं तमिळ 'सरि' टाकायचात. केतकी ओठ दाबून हसायची. तुम्ही तिला म्हणायचात, "हास. तुझं मराठी कालचं, माझं पणजीचं. जुनं कोणतं, सांग." मी तुम्हाला अक्का म्हणायला लागले ते कधी, हे आठवत नाही. शाळेत सगळे तुम्हाला सुगुणा मिस म्हणायचे.

मग ते वर्ष आलं. केतकीने ठरवलं की तिला अमेरिकेतल्या तीन छोट्या कॉलेजांत अर्ज करायचा आहे, जिथे जगभरातून हजारोंनी अर्ज येतात आणि मूठभर मुलं घेतात, पण घेतलं तर शिकण्याचा सगळा भार ते उचलतात. माझी पोर अबोल. चपलासुद्धा तुटेपर्यंत घालायची, पण नवीन मागायची नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं होतं, आणि ते माझ्या हातातलं नव्हतं. मला तेव्हा काय होत होतं ते तुम्हाला कळलं नसेल, अक्का, तुम्हाला मूल नव्हतं. हे वाक्य मी तुमच्या तोंडावर एकदा बोललेही आहे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि कॉफी आणायला आत गेलात.

नुंगंबाक्कममध्ये अशा अर्जांचं मार्गदर्शन करणारे एक गृहस्थ होते. थंडगार खोली, भिंतीवर परदेशी कॉलेजांचे झेंडे. त्यांनी केतकीची फाईल दोन मिनिटांत चाळली. "गणित चांगलं, थोडं भरतनाट्यम, स्वभाव शांत," ते म्हणाले, "मॅडम, अशा मुली मद्रासमध्ये गल्लोगल्ली आहेत. इतक्या अर्जांतून हिचा अर्ज वर दिसला पाहिजे. आहे काय हिच्यात वेगळं?" आणि मी, तिची आई, तिथे बसून डोकं खाजवत राहिले. आपल्या मुलीत वेगळं काय आहे हे मला सांगता येईना. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर केतकी म्हणाली, "जाऊ दे आई, खरंच काही नाहीये." ते मला फार लागलं.

त्यांनीच मद्रासजवळच्या कोवलमचा उपाय सांगितला. कोळ्यांच्या मुलांना तीन रविवार इंग्रजी शिकवायचं, होड्यांपुढे फोटो काढायचे, त्यावर निबंध लिहायचा. आम्ही गेलो. वाळूत जाळी पसरलेली, बायका मासळीचे भाव करताहेत, आणि माझी पोर पाच-सहा मुलांसमोर फळा धरून उभी. ती मुलं तिच्यापेक्षा धीट होती, तीच तिला माशांची नावं शिकवत होती. मी फोटो काढले. ते घेऊन तुमच्याकडे आले, कौतुक होईल म्हणून.

तुम्ही एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिलात. "तीन रविवार झाले?"

"झाले की."

"चवथ्या रविवारी त्या लेकरांनी काय करायचं?"

"अक्का, सगळेच करतात असं."

"सगळेच करतात तर त्याने वेगळं कसं दिसायचं, शैला? गणिताच्या मास्तरणीला तेवढं समजावून सांग."

मला राग आला. मी म्हटलं, इथे बसून बोलायला सोपं आहे. तुम्ही म्हणालात, "मला काय वाटतं, पोरीला वेगळं दिसायला लावू नको. ती आहे तशी कोणाच्या ओळखीला आली तर पुरे." मी म्हटलं, सात समुद्रापलीकडे खुर्चीत बसलेला माणूस कशाला ओळखायला बसलाय. तुम्ही म्हणालात, "तेच काम आहे त्याचं. मी वह्या तपासते तशी तो माणसं तपासतो." हा वाद आपण चार वर्षं घातला, अक्का, वेगवेगळ्या निमित्तांनी. तुमचं त्या अनोळखी माणसावर एवढं भाबडं प्रेम का होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शाळेतली शिफारसपत्रांची रीत तुम्हाला माहीतच होती. मुलांनी स्वतःच स्वतःचं कौतुक टाईप करून आणायचं आणि शिक्षकांनी खाली सही करायची. दोष कुणाचा नव्हता. एकेका शिक्षकाकडे पन्नास पन्नास मुलं यायची, आणि अशी पत्रं लिहायला त्यांना कुणी शिकवलं होतं? इंग्रजीच्या मिसने केतकीचा कागद न वाचता सही केली आणि वर म्हणाल्या, अजून थोडं छान लिहायचं होतंस. मी तुमच्यासाठीही मसुदा तयार करून आणला होता. तुम्ही तो घडी घालून मला परत दिलात. "माझ्या नावाने दुसरं कोणी लिहील तर मी कशाला आहे?"

ते पत्र लिहायला तुम्ही अख्खा मार्गळी महिना घेतलात. डिसेंबरचे दिवस, मैलापूरच्या संगीतसभांत गाणी चाललेली, तुम्ही रोज संध्याकाळी पोपटी काठाची साडी नेसून गाण्याला जायचात आणि इकडे मी कॅलेंडरवरचे दिवस मोजायची. एक जानेवारीच्या आत सगळं पोचायला हवं होतं. मी रोज विचारायची, झालं का. "आज एक ओळ झाली," असं सांगायचात, जसं काही वेल वाढतोय. शेवटी एका सकाळी बोलावून तीन पाकिटं हातात ठेवलीत. तीन कॉलेजं, म्हणून तीनदा हाताने लिहिलेलं. झेरॉक्स तुम्हाला पसंत नव्हती. तुमच्याकडे डिंक कधीच नसायचा, पाकिटं भाताच्या शितांनी चिकटवलेली, आणि चिकटवल्या जागेवर आडवी तुमची सही, नियमाप्रमाणे.

"पोरीच्या हाती देऊ नये असं लिहिलंय," तुम्ही म्हणालात. "म्हणून तुझ्या हाती देते."

त्याच दुपारी मी त्यातलं एक फोडलं. घरी कुणी नव्हतं. शितं वाळली होती, सुरीचं टोक घातल्याबरोबर पापडासारखी सुटली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी तुमचं पत्र वाचलं. इंग्रजीत होतं, तुमच्या त्या ताठ अक्षरात. आता मला ते पाठ आहे. माझ्या मराठीत ते असं आहे:

'केतकी माझ्या वर्गात दीड वर्ष आहे. ती पहिली येत नाही, चौथी-पाचवी येते. ती सावकाश काम करते, कारण उत्तर मिळून तिचं भागत नाही, ते का आलं तेही तिला पाहायचं असतं. परीक्षेत यामुळे तिचं नुकसान होतं. ती फार बोलत नाही. एकदा तिने मला एक प्रश्न विचारला, तो मला सुटला नाही. मी नऊ दिवस घेतले. नवव्या दिवशी सांगायला गेले तर तिचंही उत्तर तयार होतं, आणि ते माझ्यापेक्षा लहान होतं. मी तिला एकदा एक चुकीची गोष्ट करताना पाहिलं आहे. दुसऱ्यांदा पाहिलं नाही, आणि मी लक्ष ठेवून होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिली गोष्ट मी रोज पाहिली, दुसरी फार थोड्या वेळा. तिला तुमच्याकडे शिकायला मिळालं तर मला आनंद होईल. नाही मिळालं तरी ती शिकेल.'

एवढंच. आज वाचते तेव्हा डोळे भरून येतात. त्या दिवशी नुसता राग आला होता. पहिली येत नाही. सावकाश. बोलत नाही. नुकसान होतं. आणि चुकीची गोष्ट? शिफारसपत्रात कुणी असं लिहितं? काय केलं होतं माझ्या पोरीने? बाईंच्या मनात तिच्याबद्दल काही आहे की काय, असंही वाटून गेलं. इतकं मनाला लागलं, पण सरळ चालत येऊन तुम्हाला विचारावं एवढं काही सुचलं नाही. विचारायला गेले असते तर पाकीट फोडल्याचं सांगावं लागलं असतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी नवीन पत्र टाईप केलं. नुंगंबाक्कमच्या गृहस्थांनी नमुने दिले होते, त्यातलं एक वाक्य इथून, एक तिथून. केतकी असामान्य, केतकी जन्मजात पुढारी, माझ्या कारकिर्दीतली सर्वांत हुशार विद्यार्थिनी. तुमची सही जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर गिरवून हातात बसवली, मग तिन्ही पत्रांवर आणि नव्या पाकिटांवर केली. ती जमली तेव्हा मला, काय सांगू, आनंद झाला. तुमच्या तीन पत्रांपैकी दोन मी फाडून टाकली. तिसरं फाडवेना. का ते अजून सांगता येत नाही.

एप्रिलमध्ये तीनपैकी एका कॉलेजने केतकीला घेतलं. ब्राउझिंग सेंटरमध्ये पडद्यावर ते वाचताना ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. तुम्हाला कळवलं तर तुम्ही त्या उन्हात मोगऱ्याचा गजरा घेऊन चालत आमच्याकडे आलात. तुमच्या कपाळावर एकही आठी नव्हती. केतकीच्या केसांत गजरा माळलात आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "बघ. त्याने ओळखली की नाही?"

मी म्हटलं, "हो अक्का."

तिथे सांगायला हवं होतं. केतकीला घेतलं होतं, तुम्ही खुशीत होतात, रागावला असता तरी चार दिवस. पण मला वाटलं, तुमचा आनंद कशाला नासवायचा. खरं तर माझा नासवायचा नव्हता.

मग तुम्ही ते गावभर सांगायला लागलात. शाळेत, देवळात, सभेत शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला. "केतकीचं मी साधं लिहिलं, जसं आहे तसं, तरी घेतलं." कुणी आई मसुदा घेऊन आली की तुम्ही केतकीचं नाव घेऊन तो परत करायचात. भार्गवी त्याच्या पुढच्याच वर्षीची, तुमच्याच गल्लीतली. तुम्ही तिची पाच पत्रं हाताने लिहिलीत. पाचही ठिकाणांहून नकार आला. तिची आई तुमच्या दारात उभी राहून, आत न येता, म्हणाली, "मिस, तुमच्या पत्राने माझ्या मुलीचा घात केला. दुसऱ्यांनी सही तरी केली असती." तो शुक्रवार होता. मी तुमच्या मागे खुर्चीत कॉफीचा टंबलर धरून बसले होते.

ती गेल्यावर तुम्ही चष्मा काढून पदराने पुसत राहिलात. "केतकीच्या वेळी लिहायला जमलं," तुम्ही म्हणालात, "भार्गवीच्या वेळी काहीतरी उणं राहिलं माझ्याकडून." मी म्हटलं, असं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही विचारलंत, "साखर कमी झाली का कॉफीत? पीत नाहीस." मी प्यायले.

भार्गवीला का घेतलं नाही, कुणास ठाऊक. केतकीला का घेतलं, तेही कुठे माहीत आहे. तिथे शितावरून भाताची परीक्षा करतात आणि कोणतं शीत हाताला लागलं ते कुणी सांगत नाही. पण तुमच्यावरचा तो डाग माझ्या तोंडच्या एका वाक्याने पुसला गेला असता, हे मात्र मला चांगलं माहीत होतं.

आणि तुम्ही माझ्यासाठी काय काय केलंत. केतकी गेल्यावर मी घरात भुतासारखी फिरायची. तुम्ही शुक्रवार लावून दिलात. फिल्टर कॉफी शिकवलीत, माझी कॉफी चंद्राला पाजून तिची तोंडं बघत हसलात. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी सभेला न्यायचात. "झोप आली तर झोप, घोरू नको, आणि मध्यंतरात कॅन्टीनमध्ये मला सोबत कर." ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तुम्ही दिवसभर माझ्याबरोबर बाकावर बसलात आणि सगळा वेळ केतकीच्या त्या नऊ दिवसांच्या प्रश्नाबद्दल बोललात. तो प्रश्न काय होता ते तुम्ही मला कागदावर आकृती काढून समजावलंत. मला समजला नाही. पण तुमचा चेहरा तेव्हा कसा दिसत होता ते आठवतं. हे सगळं तुम्ही एका खोटारड्या बाईसाठी करत होता, आणि मी घेत होते.

शेवटची भेट. तुमच्या पायांना सूज होती, दोन वाक्यांमध्ये दम खावा लागत होता, तरी खिडकीपाशी मांडीवर लिहायचं पॅड घेऊन बसला होता. भार्गवीची आई परत आली होती म्हणालात, धाकटीसाठी. नित्या बारावीत, तिचाही तसाच अर्ज, आणि तिला अकरावीत गणित तुम्हीच शिकवलेलं. निवृत्त झालात तरी तिला खरं ओळखणारं तुमच्याशिवाय शाळेत कुणी नव्हतं. एवढं बोलून गेलेली बाई परत दारात आली, यात तुम्हाला केवढं समाधान होतं.

"शैला," तुम्ही म्हणालात, "केतकीच्या पत्राची प्रत आहे का गं तुझ्याकडे? मी ठेवली नाही. त्यात माझ्या हातून काय लिहिलं गेलं ते मजला एकदा पाहू दे. तेच भार्गवीच्या वेळी उणं पडलं. ह्या पोरीचं तरी नीट व्हायला हवं."

कपाट पंधरा मिनिटांवर होतं, अक्का. मी उठून जाऊन आणू शकले असते. तुमच्या हातात ठेवून पाय धरले असते. मी म्हटलं, "नाही हो अक्का. बंद पाकीट होतं ना ते. माझ्याकडे कुठून असणार?"

"खरंच की," तुम्ही म्हणालात. "बंद होतं." आणि आपल्याच विसराळूपणाला हसलात.

त्यानंतर नऊ दिवसांनी तुम्ही गेलात. काल चंद्राने मला ते पॅड दाखवलं. 'नित्या माझ्या वर्गात एक वर्ष होती. ती' एवढंच लिहिलेलं आहे. पुढे पान कोरं.

आज सकाळी केतकीचा फोन आला. तिचं शेवटचं वर्ष चालू आहे, येता आलं नाही म्हणून रडली. मग म्हणाली, "आई, मिसने माझ्याबद्दल काय लिहिलं होतं गं? मी कधी विचारलंच नाही त्यांना. तुला कधी बोलल्या का?"

मला वाटतं मी आता इतकी दमले आहे की खोटं बोलायलाही जोर उरला नाही. मी सगळं सांगितलं. पाकीट, मी टाईप केलेलं पत्र, सही, भार्गवी, शेवटची भेट.

"म्हणजे मी इथे कुणाच्या पत्रावर आले?"

"माझ्या," मी म्हटलं. "नाहीतर तुझ्या स्वतःच्या जोरावर. मला माहीत नाही, केतू."

"त्यांचं वाच."

मी वाचलं. चुकीच्या गोष्टीपाशी आले तेव्हा ती म्हणाली, "थांब. ते परत वाच." मी परत वाचलं. मग तिने मला सांगितलं, जे तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतंत. अकरावीच्या तिमाही परीक्षेत तिने शेजारणीच्या पेपरातून एक उत्तर उतरवलं होतं. तुम्ही पाहिलंत. जवळ येऊन नुसत्या उभ्या राहिलात. पेपर संपल्यावर तिला थांबवलंत आणि म्हणालात, "उत्तर बरोबर आहे, पण तुझं नाही. खोड." तिने ते स्वतःच्या हाताने खोडलं. तुम्ही ते ना शाळेत सांगितलंत, ना मला. त्याच पालकसभेत मी तुमच्या तोंडाला नावं ठेवत होते तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं.

"मला वाटायचं त्या विसरल्या," केतकी म्हणाली. "लक्ष ठेवून होत्या." ती रडत होती, पण आवाजात काहीतरी सुटल्यासारखंही होतं. मग तिने विचारलं, "आई, तू हे तेव्हा वाचलंस, तेव्हा तुला ह्यात मी दिसले नाही?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

फोन ठेवल्यापासून मी हेच लिहीत बसले आहे. एकदा चुकलेल्याचं तुम्ही काय करत होता ते आज कळलं. माझ्यासारख्या दोनदा चुकलेल्याचं काय करत होता, ते विचारायला शेवटच्या भेटीनंतर नऊ दिवस होते, तेही मी घालवले. ते मधले नऊ दिवस मला हवे आहेत, अक्का, बाकी काही नको.

आज रविवार, भार्गवीची आई घरी असेल. तिच्या दारात उभी राहून आधी तुमचं पत्र तिला वाचून दाखवीन, नित्यासमोर आणि भार्गवी असेल तर तिच्याही समोर. मग सांगीन की हे कधी गेलंच नाही, आणि का गेलं नाही. तिने दार लावून घेतलं तर लावू दे. पाकीट चिकटवलेलं नाही, उघडंच नेते आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर माझे पाय मागे वळतील, मी मला ओळखून आहे. तिसऱ्यांदा होणार नाही म्हणते, पण माझ्यावर विसंबू नका. तुम्ही लक्ष ठेवून असा.

शैला